शब्द, मात्रा आणि इलेक्ट्रिक गिटार : ‘फिर्दौस’ या अल्बमच्या निमित्ताने

मराठी भाषा रॉक संगीताला मानवत नाही, असे विधान विद्यार्थ्यांच्या तोंडून आणि क्वचित जाणत्यांच्याही तोंडून ऐकू येते. विधान करणारे सहसा कारण देत नाहीत. दिलेच तर मराठी शब्द जड आहेत, ते तालात बसत नाहीत, गाताना ते हास्यास्पद वाटतात, अशा स्वरूपाचे देतात. यांपैकी शेवटचे कारण अभिरुचीचे आहे व त्याकडे पुढे वळता येईल. पहिली दोन मात्र भाषाशास्त्राच्या कक्षेत येतात. शब्द जड असणे म्हणजे काय आणि तो तालात न बसणे म्हणजे काय, हे प्रश्न ध्वनिविचाराचे आणि छंदःशास्त्राचे होत. त्यांची उत्तरे तपासून देता येण्यासारखी आहेत, आणि ती एका विशिष्ट अल्बमच्या आधारे तपासणे अधिक सोयीचे, म्हणून येथे ‘फिर्दौस’ची निवड केली आहे.

‘फिर्दौस’ हा मुंबईच्या ‘कोशिश’ या संचाचा अल्बम २०१३ साली प्रसिद्ध झाला. संचाची स्थापना २००६ सालची. गायक मंगेश गांधी, ड्रमवादक हमझा काझी. गीतांची भाषा हिंदी-उर्दू आहे. संगीताची जात प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणून ओळखली जाते व तिच्यात हेवी मेटलचा अंश स्पष्ट जाणवतो. परंतु सुरावट, म्हणजे गुणगुणता येईल अशी चाल, कोठेही सोडलेली नाही. संपूर्ण अल्बममधून एकच कथासूत्र वाहते. गंमतीचा भाग असा की, गाण्यांचा क्रम मुद्दाम विस्कळीत ठेवलेला असून खरा क्रम श्रोत्याने हुडकावयाचा आहे. पदक्रम बदलला तरी विभक्तिप्रत्ययांमुळे अर्थ हाती लागतो, हे आपल्या भाषांचे वैशिष्ट्य वाक्यविचारात आपण शिकवितो. येथे तेच कोडे वाक्याऐवजी गीतमालेला घातले आहे. गाण्याला प्रत्यय नसतात, तेव्हा श्रोत्याला संबंध जुळवावा लागतो तो शब्दांच्या पुनरावृत्तीवरून आणि स्वरांच्या आठवणीवरून.

ज्या वाचकांना या संगीताचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांचे, चार मात्रांचे, कडवे-ध्रुपद-कडवे अशा ठरीव साच्याचे गाणे अपुरे वाटू लागले. ‘किंग क्रिम्झन’ या संचाचा १९६९ सालचा पहिला अल्बम हा या वळणाचा ठळक आरंभ मानतात. गाणी लांबली, त्यांत विभाग आले, एका अल्बममधील गाणी एका विषयाने बांधली गेली, आणि मुख्य म्हणजे चाराखेरीज इतर मात्रासंख्यांची आवर्तने वापरात आली. याच सुमारास, १९७० साली, ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या अल्बमपासून हेवी मेटलची परंपरा सुरू झाली: जड, खर्जातील, मुद्दाम फाटका केलेला गिटारचा ध्वनी हे तिचे लक्षण. पुढे या दोन धारा एकत्र आल्या. अमेरिकेतील ‘ड्रीम थिएटर’ (‘इमेजेस अँड वर्ड्स’, १९९२) व ‘टूल’ (‘लॅटरॅलस’, २००१) आणि स्वीडनमधील ‘ओपेथ’ (‘ब्लॅकवॉटर पार्क’, २००१) ही त्यांच्या संगमाची परिचित नावे होत. मुंबईत रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर १९८६ साली ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला, आणि तेथे ऐकणाऱ्या-वाजविणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. परंतु ती दीर्घकाळ प्रामुख्याने इंग्रजीतच गात राहिली.

आता मूळ प्रश्न. प्रथम तालाचा विचार करू.

रॉक संगीताची सामान्य चौकट चार मात्रांची आहे आणि तिच्यात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ड्रमचा आघात येतो. ही चौकट इंग्रजी भाषेच्या लयीशी सहज जुळते. इंग्रजी ही आघातप्रधान भाषा आहे: तिच्यात आघातयुक्त अक्षरे साधारण समान अंतराने येतात आणि मधली आघातहीन अक्षरे दोन असोत वा तीन, ती आखडून घेतली जातात. मराठीत असे आखडता येत नाही. आपल्याकडे अक्षराला स्वतःचे वजन आहे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. गुरू अक्षर लघूच्या जागेत कोंबले की ते दुखावते, आणि लघू अक्षर लांब स्वरावर ताणले की ते दुसरेच काही होऊन बसते. इंग्रजी गाण्याची चाल घेऊन तिच्यात मराठी शब्द भरले असता जे ओढाताणीचे दृश्य दिसते त्याचे कारण येथे आहे. दोष चालीचाही नाही, भाषेचाही नाही. दोन भिन्न मोजमापांची ती टक्कर आहे.

प्रोग्रेसिव्ह रॉकने मात्र चाराची सक्ती सोडलेली आहे, आणि ही गोष्ट मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य श्रोत्याला पाच किंवा सात मात्रांचे आवर्तन नवलाईचे वाटते. डेव्ह ब्रूबेक यांच्या संचाची ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची रचना (१९५९), ‘जेथ्रो टल’चे पाच मात्रांतीलच ‘लिव्हिंग इन द पास्ट’ (१९६९) किंवा ‘पिंक फ्लॉइड’चे प्रामुख्याने सात मात्रांत चालणारे ‘मनी’ (१९७३) यांची नावे अद्याप दाखला म्हणून दिली जातात, ती त्यांच्या विरळपणामुळे. मराठी मुलाला मात्र पाच मात्रांची ओळख अक्षरओळखीबरोबरच होते. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत, आणि भुजंगप्रयात म्हणजे यगण चार वेळा: लघू, गुरू, गुरू, पाच मात्रांचा एक गण, वीस मात्रांचा चरण. रूपकाच्या सात मात्रा आणि झपतालाच्या दहा (दोन-तीन-दोन-तीन) मैफिलीत बसणाऱ्यास परिचित आहेतच. दिंडी या जातीचा चरण एकोणीस मात्रांचा, नऊ आणि दहा असा विभागलेला. ती कीर्तनातून आणि १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांतून घरोघर पोहोचली.

माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांनी ‘छंदोरचने’त मात्रावृत्तांची जी व्यवस्था लावली तिच्यात पाच मात्रांच्या आवर्तनाला हर, सहांच्या आवर्तनाला भृंग, सातांच्या आवर्तनाला अग्नी आणि आठांच्या आवर्तनाला पद्म अशी नावे आहेत. शंकराची मुखे पाच, भुंग्याचे पाय सहा, अग्नीच्या जिव्हा सात, कमळाच्या पाकळ्या आठ. ज्या भाषेच्या छंदःशास्त्राने पाच आणि सात यांना सहा व आठ यांच्या पंक्तीला बसवून नावे दिली, त्या भाषेचे शब्द विषम मात्रांत बसत नाहीत असे म्हणणे अवघड आहे.

येथे एक प्रसंगोपात्त पण बोधक योगायोग नोंदवावासा वाटतो. ‘टूल’च्या ‘लॅटरॅलस’ या शीर्षकगीतातील शब्दांची अक्षरसंख्या एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी चढते आणि पुन्हा उतरते, यावर रसिकांत पुष्कळ चर्चा झाली. ही गणितातील फिबोनाची श्रेणी होय. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. परंतु त्याच्या कितीतरी आधी विरहांक या प्राकृत छंदःशास्त्रकाराने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ही श्रेणी छंदाच्या प्रश्नातून काढली होती. प्रश्न साधा आहे: ठराविक मात्रा लघू आणि गुरू यांनी किती प्रकारे भरता येतील? एक मात्रा एकाच प्रकारे, दोन मात्रा दोन, तीन मात्रा तीन, चार मात्रा पाच, पाच मात्रा आठ प्रकारे. पाच मात्रांच्या या आठ प्रकारांपैकी दोन गुरू असलेले तीन म्हणजे आपले यगण, रगण आणि तगण. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील एका मेटल संचाने अक्षरे मोजावयास घेतली तेव्हा तो, कदाचित नकळत, पिंगलाच्या अंगणात आला होता.

या दृष्टीने ‘फिर्दौस’मधील काही गीतांची केवळ शीर्षके तपासून पाहू. गायक ती प्रत्यक्ष कशी गातो हा स्वतंत्र प्रश्न. येथे शब्दांचे वजन तेवढे घ्यावयाचे आहे. ‘भुला दो उन्हें’ याचा लगक्रम लघू-गुरू-गुरू-लघू-गुरू असा, मात्रा आठ. ‘न्ह’मुळे मागील ‘उ’वर आघात येत नाही, तो लघूच राहतो, मराठीत ‘पुन्हा’ या शब्दात हेच घडते. हा लगक्रम म्हणजे भुजंगप्रयाताचा पहिला गण आणि दुसऱ्याचा अपुरा भाग: पाच आणि तीन. ‘वो खो गये’ आणि ‘हम हैं यहीं’ या दोन्हींचा क्रम गुरू-गुरू-लघू-गुरू, मात्रा सात. ‘फिर्दौस’ हा शब्द लिहिल्याप्रमाणे मोजला तर तगण, मात्रा पाच. ‘रास्ते’ मराठी पद्धतीने मोजल्यास दोन गुरू, चार मात्रा. उर्दू अरूज़प्रमाणे मात्र मधला ‘स’ स्वतंत्र लघू धरला जातो आणि शब्द गुरू-लघू-गुरू, म्हणजे रगण, पाच मात्रांचा होतो. एकाच उच्चाराला दोन शास्त्रे दोन वजने देतात, ही गोष्ट पदव्युत्तर वर्गात तासभर चर्चेला पुरेल. आठ, सात, सात, पाच: ही सर्व वजने मराठीतही सहज सापडतात, आणि कोणत्याही मराठी पद्यकाराला त्यांची धास्ती वाटण्याचे कारण नाही.

शीर्षकांच्या शब्दसंग्रहाकडेही लक्ष जाते. एकीकडे ‘माया’, ‘मुक्ति’ हे संस्कृत शब्द, दुसरीकडे ‘फिर्दौस’, ‘कोशिश’, ‘रास्ते’ हे फारसीच्या वाटेने आलेले. ‘फिर्दौस’चे मूळ प्राचीन इराणी भाषेत आहे: भिंतीने वेढलेली बाग असा त्याचा मूळ अर्थ. तोच शब्द ग्रीकमधून युरोपीय भाषांत ‘पॅराडाइज’ झाला आणि अरबीतून ‘फिर्दौस’ होऊन आपल्याकडे आला. कुंपणातील बाग ते स्वर्ग हा अर्थप्रवास ज्या अल्बमच्या नावात दडलेला आहे, त्याच अल्बममध्ये ‘मुक्ति’ नावाचे गीत असावे हे मला समर्पक वाटते.

आता ‘जड शब्दां’चा प्रश्न. तो नीट कळण्यासाठी गिटारच्या ध्वनीची रचना पाहिली पाहिजे. मेटलमधील गिटारचा आवाज मुद्दाम विकृत केलेला असतो. ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात, त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर प्रबळ होऊन उठतात व ध्वनी दाट होतो. अशा दाट ध्वनीत तीन स्वरांचा नेहमीचा मेळ वाजविला तर तो गढूळ होतो, म्हणून वादक गंधार गाळून केवळ मूळ स्वर आणि त्याचा पंचम ठेवतात. यालाच ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. षड्ज आणि पंचम: आपल्या तंबोऱ्याची बहुधा हीच जुळणी असते. ज्याला आपण परके कर्कश संगीत म्हणतो त्याच्या तळाशी आपल्या ओळखीचा सा-प आहे, आणि गंधार मोकळा असल्यामुळे गायकाला कोमल-शुद्धाची निवड करावयास मोकळीक राहते. ‘फिर्दौस’सारख्या अल्बममध्ये मेटलचा भार आणि भावपूर्ण सुरावट एकत्र नांदू शकतात त्याचे एक कारण, माझ्या मते, हे आहे.

परंतु याच दाट ध्वनीत शब्द बुडण्याचा धोका असतो. व्यंजनांची ओळख पटते ती क्षणिक खुणांवरून, आणि विकृत गिटार व झांजा मिळून त्या खुणा झाकतात. ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षक वर्णांचा ध्वनी उच्च कंपनसंख्येच्या पट्ट्यात असतो. झांजांचाही तोच प्रदेश. त्यामुळे ‘फिर्दौस’चा अन्त्य ‘स’ किंवा ‘कोशिश’चा ‘श’ झांजेच्या झणत्कारात विरघळून जाणे स्वाभाविक आहे. स्वरांची गोष्ट वेगळी. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचा पहिला अनुनादपट्टा सेकंदास सुमारे ३०० कंपनांच्या आसपास, तर ‘आ’चा सुमारे ७०० च्या आसपास असतो. पुरुष गायक तारस्थानी ३३० किंवा ४४० कंपनांचा स्वर लावतो तेव्हा मूळ स्वरच ‘ई’च्या अनुनादपट्ट्याच्या वर निघून जातो आणि ‘ई’ची ओळख सैल होऊन ती ‘ए’कडे झुकते. ‘आ’ मात्र टिकून राहतो. तारसप्तकातील लांब स्वरावर ‘आ’ ठेवावा, ‘ई’ ठेवू नये, हा जुन्या नाट्यपदकारांचा अलिखित नियम होता असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीपुरता येथे एक विशेष आहे. हिंदीत ‘इ’ आणि ‘ई’, ‘उ’ आणि ‘ऊ’ यांच्या लांबीने अर्थ बदलतो. मराठीत ह्रस्व-दीर्घाचा हा भेद लेखनात आहे. बोलण्यात तो बहुतांशी स्थानावरून ठरतो. शब्दाच्या अखेरीस इकार-उकार लांब उच्चारले जातात, म्हणूनच १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी ‘मुक्ति’चे ‘मुक्ती’ केले. हिंदीत हा शब्द तीन मात्रांचा, आपल्याकडे चार मात्रांचा. गायकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, मराठीत इकार-उकार लांबविण्या-आखडण्याची मुभा हिंदीपेक्षा अधिक आहे. धोका आहे तो ‘अ’ आणि ‘आ’ यांच्या जोडीत. हा भेद लांबीइतकाच गुणाचाही आहे, आणि आवाज मोठा करावयाचा म्हणजे तोंड उघडावे लागते. तोंड उघडले की ‘अ’ पसरून ‘आ’ होतो. मग ‘घर’चे ‘घार’ होते, ‘मळ’चा ‘माळ’ होतो. श्रोता हसतो तो बहुधा अशा ठिकाणी, आणि दोष भाषेवर ढकलून मोकळा होतो.

यापेक्षाही महत्त्वाची बाब अन्त्य अकाराची आहे. बोलताना आपण ‘घर’ हा शब्द ‘घर्’ असा उच्चारतो, ‘वाट’ हा ‘वाट्’ असा. गाताना मात्र परंपरेने हा लोपलेला अकार परत येतो; अभंगात, भूपाळीत, भावगीतातही शेवटचे अक्षर पूर्ण उच्चारले जाते. ही सवय इतकी मुरलेली आहे की मराठी गाणे म्हटले की शब्दान्ती स्वर हवाच, अशी समजूत झाली आहे. हिंदीत क्रियापदांची आणि अनेकवचनाची रूपे पुष्कळदा दीर्घ स्वरान्त असतात (वर घेतलेली शीर्षके पाहा: दो, उन्हें, गये, यहीं, रास्ते), त्यामुळे हिंदी गीतकाराची ही गरज आपोआप भागते. मराठीचे ‘-त’, ‘-ल’, ‘-ऊन’, ‘-आत’ हे प्रत्यय व्यंजनान्त आहेत. ‘जाईल’, ‘विसरून’, ‘घरात’, ‘येत’: ही रूपे लांबविता येत नाहीत, ती बंद होतात. मराठी शब्द ‘जड’ वाटतात त्यामागे बहुधा हे बंद अक्षर आहे.

तथापि बंद अक्षर हा मेटल संगीतात दोष नसून गुण आहे, हे माझे प्रतिपादन आहे. गिटारवादक उजव्या हाताचा तळवा तारांवर अलगद टेकवून त्यांचा नाद तोडतो. या संगीतातील तो तुटक, धडधडता आवाज त्यातून येतो. तार मोकळी सोडली तर नाद लांबतो. तबल्यातील बंद आणि खुले बोल हा याच भेदाचा दुसरा प्रकार. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर दाबलेली तार हलन्त आणि मोकळी तार स्वरान्त होय. ज्या भाषेत ‘वाट्’, ‘हात्’, ‘घरात्’ अशी स्पर्शवर्णान्त रूपे विपुल आहेत तिला या वादनाशी जुळवून घेणे कठीण पडू नये. ड्रमचा आघात आणि शब्दाचा अन्त्य ‘ट’ एकाच क्षणी पडले तर दोन्ही अधिक धारदार होतात. इंग्रजी गीतकार हे सतत करीत असतात, कारण त्यांची भाषाही बंद अक्षरांची आहे. मराठी गायकाने मात्र त्यासाठी गाण्याचा परंपरागत उच्चार सोडून बोलण्याचा उच्चार स्वीकारला पाहिजे. अडचण आहे ती इथे, आणि ती सवयीची आहे.

मराठीत मोठ्याने, खरखरीत आवाजात, समूहाने शब्द फेकण्याची परंपरा नाही, असेही कोणी म्हणेल. नागपुरात राहणाऱ्याने तरी असे म्हणू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक आहे. मारबतीला उद्देशून जी आरोळी दिली जाते तिची रचना भाषाशास्त्रीय दृष्ट्या पाहण्याजोगी आहे: रोगराई, इडापीडा असे कर्मपद आरंभी, मग पूर्वकालवाचक रूप, मग आज्ञार्थ, आणि शेवटी ‘गे’ या संबोधनासह मारबतीचे नाव. कर्मपदाची जागा खुली आहे. दरवर्षी तिच्यात नवे संकट भरले जाते, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. बडग्यांवरील मजकूर त्याच भावनेचा. अरुंद गल्लीत ढोल-ताशांच्या गजरात ही आरोळी ऐकताना माझ्या ध्यानात आले ते असे की, लोक संबोधनाचा एकार लांबवितात आणि ‘मारबत’ शब्दाचा अन्त्य ‘त’ मात्र तोडून टाकतात. अकार परत आणण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही. जनसमूह आरोळी देतो तेव्हा बोलीचा उच्चार राखतो, आणि शब्द ढोलांच्या वर ऐकू येतो. पुढे ‘काळी’चा उच्चार ऐकावा: वऱ्हाडी वळणात ‘ळ’चा ‘य’ होऊन तो ‘कायी’ असा निघतो. ‘ळ’ हा क्षणात संपणारा वर्ण. ‘य’ स्वराशी मिळून वाहतो. गजबजाटात कोणता अधिक दूर जातो हे मोजून पाहण्याजोगे आहे.

खरखरीत आवाजाबद्दलही दोन शब्द. मेटलमधील जो गुरगुरता आवाज नवख्याला दचकवितो, त्यात स्वररज्जूंच्या वर असलेल्या मिथ्या स्वररज्जूंचेही कंपन होते. तिबेटी भिक्षूंच्या खर्जपठणात याच यंत्रणेचा उपयोग होतो. त्यात निश्चित सूर मंदावतो आणि घोष-अघोष वर्णांतील भेद पुसट होतो. स्वरांची ओळख मात्र मुखाच्या आकारावर अवलंबून असल्याने बरीचशी टिकते. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या संचाने (स्थापना २०००, गायक साहिल मखिजा) २०१७ साली ‘दशावतार’ हा अल्बम काढला, त्यात असा आवाज आणि सुरेल गायन एकमेकांशेजारी येतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गीते, साथीला काही ठिकाणी भारतीय वाद्ये. विषय पुराणांचा, भाषा मात्र इंग्रजी. ‘फिर्दौस’ची भाषा हिंदी-उर्दू. दोन्ही अल्बम महाराष्ट्राच्या राजधानीत घडले, आणि दोहोंत मराठी नाही. ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा संच अभंगांना गिटार व ड्रमची साथ देऊन तरुण श्रोत्यांपर्यंत नेतो, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यातील शब्द सतराव्या शतकाचे किंवा त्याआधीचे आहेत. आजच्या मराठीत, आजच्या माणसाच्या वेदनेला धरून, विषम मात्रांच्या आवर्तनात नवे गीत रचण्याचे काम त्यामुळे शिल्लकच राहते.

हे काम कोणत्या मार्गाने होऊ शकेल याला पूर्वोदाहरण आहे. गझल मराठीत आणताना हाच आक्षेप घेतला गेला होता. माधव जूलियन स्वतः फारसीचे प्राध्यापक. त्यांनी फारसी वृत्तांची मराठी लगक्रमाशी सांगड घातली आणि ‘गज्जलांजलि’ (१९३३) प्रसिद्ध केली. तरीही गझल मराठीत रुजली ती पुढे सुरेश भटांच्या हातून. भटांनी वृत्त कडक ठेवले आणि शब्द बोलण्यातले घेतले. ‘गझलेची बाराखडी’ लिहून तंत्र नवोदितांपुढे उघडे केले. २००३ साली नागपुरात त्यांचे निधन झाले तेव्हा मराठीत गझल शक्य आहे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते. रचनाकाराने छंद पक्का ठेवून उच्चार बोलीचा घेतला की परका साचा आपला होतो, असा या इतिहासाचा अर्थ मी लावतो. हास्यास्पदतेचा जो आक्षेप आरंभी बाजूला ठेवला होता त्याचे स्वरूपही येथे स्पष्ट होते. ग्रांथिक शब्द आणि रस्त्यावरचे वाद्य यांची विसंगती कानाला खटकते. ती शब्दकळेची विसंगती असून वर्णमालेची नव्हे. ‘हम हैं यहीं’ ही बोलण्यातली हिंदी आहे. तिच्या तोडीचे सात मात्रांचे वाक्य इतवारीत दुकानाच्या पायरीवर बसून तासाभरात अनेक मिळतील.

विभागातील विद्यार्थ्यांना या संदर्भात एक लहानसे प्रायोगिक काम करता येईल. ‘घर’, ‘घार’, ‘वाट’, ‘काळी’, ‘कायी’ असे मोजके शब्द घ्यावेत. एकाच व्यक्तीकडून ते बोलून, ओरडून, ३३० कंपनांच्या स्वरावर साध्या तंबोऱ्याबरोबर गाऊन आणि मग विकृत गिटारच्या सा-प मेळावर गाऊन मुद्रित करावेत. अन्त्य अकारासह एकदा, त्याविना एकदा. ही मुद्रणे शब्द माहीत नसलेल्या श्रोत्यांना ऐकवून कोणता शब्द ऐकू आला हे लिहून घ्यावे आणि ‘अ’-‘आ’ यांचे अनुनादपट्टे प्रत्येक स्थितीत मोजावेत. वऱ्हाडी बोलणारे आणि प्रमाण मराठी बोलणारे असे श्रोत्यांचे दोन गट ठेवल्यास ‘काळी’ आणि ‘कायी’ यांचा निकालही त्यातच लागेल.